किनुए-सान आणि अकरा एक

मी हे लिहिणारच नव्हते. दोनदा अर्धं टाईप करून पुसून टाकलं, कारण किनुए-सान म्हणाल्या, "त्यात लिहिण्यासारखं काय आहे गं? एक भागाकार तर आहे." आणि वर मलाच विचारलं, "तुमच्याकडे लोक भागाकाराच्या गोष्टी वाचतात?" पण तेव्हापासून लेक्चरला बसले तरी तोच भागाकार, सोबा खाताना तोच भागाकार, बसमध्ये तोच. त्यांच्या सोरोबानच्या, म्हणजे जपानी मणीपाटीच्या, क्लासच्या वरच्या खोलीत मी चौथं वर्ष काढतेय, सकाळी खालच्या मण्यांच्या टकटकीनेच मला जाग येते, म्हणजे मी नाही लिहायचं तर कोणी लिहायचं? तर लिहितेच. माझं एवढं पुरे.

किनुए लहान होती, दुसरी-तिसरीतली पोर, तेव्हा तिचे वडील ओसाकाला कामाला गेले आणि परत आलेच नाहीत. वारले नाहीत, हरवले नाहीत, नुसते आले नाहीत. शिमानेच्या डोंगरातल्या या गावात असलं काही तोंडावर विचारायची पद्धत नाही. लोक काय करायचे, तर गुपचूप यांच्या दारात मुळे ठेवून जायचे. सकाळी दार उघडलं की मुळे. किनुएच्या आईने त्या हिवाळ्यात मुळ्याचं लोणचं घातलं, मुळ्याचं सूप केलं, मुळा किसून मुळ्यावर घातला, आणि किनुए एक दिवस ताटावरून उठून ओरडली, "मला मुळा नको, मला बाबा पाहिजेत!" आईने तिला हाताला धरून सरळ हागिओ सेन्सेईंच्या, म्हणजे हागिओ सरांच्या, सोरोबानच्या क्लासला नेऊन बसवलं. निदान संध्याकाळी दोन तास पोर घराबाहेर.

हागिओ सेन्सेई तेव्हा तिशीतही नव्हते. दिवसा सोरोबानच्या कारखान्यात मण्यांना पॉलिश करायचे, संध्याकाळी त्याच मण्यांवर पोरांना शिकवायचे. लग्न केलं नाही. बोलायला फटकळ. नवीन पोरगी रडवेली बसलीय हे बघून त्यांनी काही चौकशी केली नाही, भिंतीवरचा मोठा तेवीस काड्यांचा सोरोबान खाली काढला, सगळा पुसला आणि अकरा काड्यांवर एकेक मणी वर सरकवला. टक, टक, टक. दुसरं काही नाही. एका ओळीत उभे अकरा मणी.

"ही संख्या काय आहे?"

"नुसते एक आहेत," किनुए म्हणाली.

"तोड बघू हिला."

आपल्या मराठीत ही संख्या म्हणून बघा एकदा, मोठ्याने: अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार, एकशे अकरा. मी पहिल्यांदा म्हणाले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, देवळातल्या घंटेसारखी वाजते ती!

किनुएने तीनने बघितलं, तुटली नाही. सातने बघितलं, दोन उरले. अकराने बघितलं, तेराने बघितलं. नाक पुसत पुसत भागत राहिली.

"नाही तुटत."

"नाहीच तुटणार. दोन एकांची अकरा, तीही तुटत नाही. तीन एकांची?"

"एकशे अकरा. तीन गुणिले सदतीस."

"तुटली. चार एकांची अकरा गुणिले एकशे एक, तुटली. पाचांची तुटते, सहांची तर भुगा होतो. सातांची वाटत नाही पण तुटते, दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. आठ, नऊ, दहा, सगळ्या तुटतात. ही नाही. हिला म्हणायचं मूळ संख्या. हिचे तुकडेच नाहीत."

"कशावरून?"

ही पोरगी "कशावरून" विचारते म्हटल्यावर सेन्सेई पहिल्यांदा हसले. "कारण मी मोजलंय. एक लाख पाच हजारांच्या थोडं पुढेपर्यंत जेवढ्या मूळ संख्या आहेत, त्या प्रत्येकीने भागून बघितलंय. त्याच्यापुढे बघावं लागत नाही. तुटणारी असती, तर दोनातला लहान तुकडा तेवढ्यातच सापडला असता."

कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्ट्यांमध्ये त्यांनी हे केलं होतं. वर्षानुवर्षं. एका हातात भाताचा गोळा, दुसऱ्या हाताखाली मणी. हुशार लोकांना याच्या आडवाटा माहीत असतात म्हणे, सेन्सेईंना एकच वाट माहीत होती आणि ते ती चालले. आणि मग त्यांनी एका लाकडी फळीवर ती संख्या रंगवली, खाली लिहिलं, "हिला कोणी भागू शकत नाही, हागिओ," आणि टेकडीवरच्या देवळात नेऊन टांगली. आमच्या देवळात ही रीत आहे. कोणी नवसाची फळी टांगतं, कोणी गणिताची.

त्या दिवशी किनुए घरी गेली ती उड्या मारतच. मुळ्याचं सूप दोन वाट्या प्यायली. जगात एक गोष्ट अशी आहे की जी तुटत नाही, आणि ती टेकडीवर टांगलेली आहे, कधीही जाऊन बघता येते. ती शाळेतून येताना वाट वाकडी करून बघून यायची. लग्न ठरलं तेव्हा बघून आली. मूल राहिलं नाही तेव्हा बघून आली. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या कपड्यात पायऱ्या चढून बघून आली. कोणाला सांगितलं नाही कधी.

कारखाना पुढे बंद पडला, सेन्सेईंचं वय झालं, क्लास किनुए-सानकडे आला. सेन्सेई आता त्र्याण्णव वर्षांचे आहेत, नदीकाठच्या वृद्धाश्रमात असतात, आणि गावातली पन्नाशी-साठीतली माणसंसुद्धा त्यांना "अकरा-एक सेन्सेई" म्हणूनच ओळखतात.

तर गेल्या हिवाळ्यात देवळाचं छप्पर बदलायला काढलं आणि सगळ्या फळ्या खाली आल्या. उराबे पुजारी, किनुए-सानचाच जुना विद्यार्थी, कापडात गुंडाळलेली ती फळी घेऊन क्लासच्या दारात उभा राहिला.

"किनुए-सेन्सेई, शाई पार उडालीय. शरदातल्या उत्सवाच्या आत पुन्हा रंगवून टांगायची आहे. पण रीत तुम्हाला माहितीय."

"मोजल्याशिवाय शाई नाही."

"हो."

"अरे, सेन्सेईंनी मोजलेलंच आहे की!"

"ते त्यांच्या शाईचं झालं. ही शाई तुमची. मलाच तुम्ही शिकवलंत ना, शेजाऱ्याच्या उत्तराखाली आपलं नाव लिहायचं नाही म्हणून? त्याबद्दल उभं केलं होतंत मला बाहेर."

"बरोबर केलं होतं," किनुए-सान म्हणाल्या आणि फळी घेतली.

आणि त्या सुरू झाल्या. बर्फ पडत होतं तेव्हा, बर्फ वितळलं तेव्हा, भाताची रोपं लावली तेव्हा. रोज सकाळी मुलं यायच्या आधी खालून टकटक. सेन्सेईंनी शिकवलेल्या पद्धतीनेच करायच्या: भागाकाराचं उत्तर मण्यांवर मांडायचंच नाही, वेळ जातो. अकरा एक मांडायचे, त्यातून भाजक काढत राहायचं, शेवटी उरलं काय तेवढं बघायचं. काही उरलं की ती संख्या बाद. मग आडव्या पट्टीवरून बोट सर्रकन फिरवायचं, सगळे मणी आपापल्या जागी, सोरोबान कोरा. पुन्हा अकरा एक.

समोरच्या हार्डवेअर दुकानाचा मुत्सुओ, किनुए-सानचा शाळेपासूनचा सोबती, रोज येऊन छळायचा.

"काय गं, अजून भागतेयस? भागून भागून स्वतःच भागशील एक दिवस."

"तू स्क्रू मोज जा."

"फोनला विचार की! हा बघ, एका बोटात सांगेल."

"फोन रंगवणार आहे का फळी?"

"हट्टी म्हातारी."

"तू माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा आहेस, मुत्सुओ."

दर रविवारी त्या सेन्सेईंना भेटायला जायच्या. सेन्सेईंचा पहिला प्रश्न ठरलेला. "कुठपर्यंत आलीस?" सात हजारांपर्यंत. बारा हजारांपर्यंत. सेन्सेई खूश. "अजून खूप आहे गं, उत्सवाआधी हात भराभर चालव! जेवत जा नीट." उत्सवाला त्यांना चाकाच्या खुर्चीतून टेकडीवर न्यायचं ठरलं होतं, आपली फळी पुन्हा चढताना त्यांना बघायची होती. आश्रमातल्या फुमिनो-सान, त्यांचं सगळं करणाऱ्या, सांगायच्या, "जेवायला कंटाळा करतात, पण उत्सव आठवला की दोन घास जास्त."

भातावर पिवळी झाक आली होती तेव्हाची गोष्ट. बांधावर शरदातली लाल लाल फुलं आली होती. किनुए-सानच्या समोरच्या तक्त्यावर पुढची मूळ संख्या एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. त्यांनी अकरा एक मांडले, काढायला लागल्या, बोटं आपली आपण चालत होती, आणि बघतात तर सोरोबान कोरा. झालं, पुसून झालं, पुढची घ्या. पुढच्यासाठी पहिला मणी वर सरकवलासुद्धा!

आणि हात थांबला. सर्र असा आवाज आलाच नव्हता. आयुष्यभराची सवय, बोट फिरलं की तो आवाज कानाला कळतोच, आणि तो झाला नव्हता. मग पुसलं कोणी?

कोणीच नाही.

मला हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी ओरडलेच होते. कळतंय का तुम्हाला? भाग पूर्ण गेला तर उरतं शून्य, आणि सोरोबानवरचं शून्य म्हणजे कोरा सोरोबान, आणि पुसलेला सोरोबानही कोराच! कागदावर निदान शून्य लिहिलेलं दिसलं असतं. इथे ज्या एका क्षणाची वाट बघायची तो क्षण दिसतो कसा, तर काहीच न घडल्यासारखा.

त्यांनी पुन्हा मांडलं. हळूहळू, पहिलीतल्या पोरासारखं, प्रत्येक मणी तोंडाने म्हणत. कोरा. तिसऱ्यांदा उत्तरही डावीकडे मांडत गेल्या, आणि उजवीकडे सगळं संपलं तेव्हा डावीकडे उभे होते पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस.

एकापुढे एक, एकापुढे एक, इतकी साधी, इतकी शहाणी दिसणारी संख्या, आणि तिच्या पोटात हे दोन ओबडधोबड आकडे. एकालाही रूप नाही, ओळख नाही, आणि एकमेकांना गुणलं की सगळी खडबड मिटून नुसते एक, एक, एक. हे कायमच असं होतं. वडील गेले तेव्हाही असंच होतं. त्या पायऱ्या चढून बघायला जायच्या तेव्हाही. त्यांना भीती वाटली, रडू आलं, आणि त्याच वेळी तोंडातून निघालं, "किती सुंदर."

मुत्सुओ आला, चेहरा बघितला आणि छळायचं विसरला. पहिल्यांदाच. मग फोन काढला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "अगं, हे बघ! तेच दोन आकडे. सगळ्या जगाला माहीत आहे हे. कधीपासूनचं."

"आपल्या गावाला नव्हतं."

"हं." तो खाली बसला. "एक सांगू? तू गप्प रंगव. जसं होतं तसं. त्र्याण्णव वर्षांचा माणूस आहे तो. त्याच्याकडे दुसरं आहे काय? बायको नाही, पोर नाही, कारखानाही राहिला नाही. एक फळी आहे."

"आणि माझी शाई?"

"देव काय गुणाकार तपासतो?"

उराबे पुजाऱ्याने हे ऐकलं आणि तो फळी पुन्हा कापडात गुंडाळायला लागला. "लाकूड कुजलं म्हणून सांगू," तो हळूच म्हणाला. "यंदा टांगत नाही म्हणून. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी म्हणजे काय ते तिघांनाही कळलं होतं.

आणि किनुए-सान, ज्यांनी दुसऱ्याचं उत्तर लिहिलं म्हणून पोराला बाहेर उभं केलं होतं, त्या म्हणाल्या, "बरं." खरंच म्हणाल्या. रविवारपर्यंत त्या 'बरं'च्याच होत्या. पर्सिमनची फळं सोलून डब्यात भरली, लाकूड कुजलं, लाकूड कुजलं असं घोकत नदीकाठाने गेल्या.

"कुठपर्यंत आलीस?" सेन्सेईंनी विचारलं.

लाकूड कुजलं म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास."

"मग? पुढे?"

"पुढे नाही, सेन्सेई."

सेन्सेईंनी उशाशी हात घालून आपला छोटा सोरोबान काढला. त्यांचा हात कप धरताना थरथरतो, फुमिनो-सानना कप धरावा लागतो. मण्यांवर तो हात थरथरला नाही. अकरा एक. मग काढायला लागले. किनुए-सान म्हणतात, त्या वेळी त्यांना पळून जावंसं वाटत होतं आणि नजरही हटत नव्हती.

मणी संपले.

सेन्सेई थांबले. "मी पुसलं का?"

"नाही, सेन्सेई."

"तू पुसलंस?"

"मी हातही लावला नाही."

आणि मग सेन्सेईंचे खांदे हलायला लागले, फुमिनो-सान पाणी घेऊन धावल्या, तर म्हातारा हसत होता!

"म्हणजे मी इथून गेलो होतो! अगं किनु, मी इथे आलो होतो, माझ्या या बोटांनी! जेवणाच्या सुट्टीतही पॉलिशचं यंत्र शेजारी घरघरायचं, माझं बोट फिरलेलं मला कुठलं ऐकू यायला? कोरा दिसला, म्हटलं पुसला असणार, घेतली पुढची." ते डोळे पुसत होते आणि हसत होते. "देव दारात येऊन उभा राहिला आणि मी म्हटलं, पुढे चला, पुढे चला."

किनुए-सान मात्र रडायलाच लागल्या. इतकी वर्षं साठलेलं सगळं. "ती तुटते, सेन्सेई. तुम्ही म्हणाला होतात तुटत नाही."

"म्हणालो होतो. चुकलो. रडतेस काय गाढवासारखी, भागाकार बरोबर आलाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुसरा तुकडा काय आहे? सांग ना लवकर."

"पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस."

त्यांनी डोळे मिटून तो आकडा दोनदा म्हटला, एखाद्या नातवाचं नाव पहिल्यांदा ऐकावं तसा. "तो पुढे तुटतो?"

"नाही. तपासला."

"दोघेही मूळ." त्यांनी कोऱ्या सोरोबानवर बोट टेकवलं. "कोणी ठेवले असतील गं तिथे? आपण मांडले ते नुसते एक. हे दोघे आतमध्ये आले कुठून?"

फुमिनो-सान पाण्याचा ग्लास धरून तशाच उभ्या, त्यांना गणित येत नाही, पण त्याही सोरोबानकडे बघत होत्या.

"मग दोन एकांनंतर न तुटणारी कुठलीच नाही?" सेन्सेईंनी विचारलं.

"मुत्सुओचा फोन म्हणतो, आहे. एकोणीस एकांची."

"हाताने मोजलीय कोणी?"

"हाताने होणार नाही, सेन्सेई. मी हिशोब केला. तुमच्या पद्धतीने जायचं तर एकशे पाच कोटींच्या पुढेपर्यंत जावं लागेल."

"बाप रे," सेन्सेई म्हणाले. भिऊन नाही. लहान मूल फटाका बघून म्हणतं ना, तसं. "उद्या मोठा सोरोबान घेऊन ये."

फळीवर काय लिहायचं ते त्यांनीच सांगितलं. जुनी अक्षरं खरवडायची नाहीत, फिकी आहेत तशी राहू दे. त्याखाली ताज्या शाईने तो गुणाकार, आणि पुढे, "चूक हागिओची, भागाकार किनुएचा." एकोणीस एक लिहायचे नाहीत, हाताने मोजलेले नाहीत. उत्सवाच्या दिवशी मुत्सुओने आणि उराबेने खुर्ची उचलून पायऱ्यांवरून वर नेली, मुत्सुओ प्रत्येक पायरीला कण्हत होता, आणि फळी चढली तेव्हा सेन्सेईंनी जमलेल्या सगळ्या गावाला स्वतः वाचून दाखवली. "चूक हागिओची" ला सर्वांत मोठा आवाज. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. किनुए-सान मागे उभ्या होत्या. म्हणतात, आता ती फळी बघून त्यांना पूर्वीसारखा धीर येत नाही, दुसरंच काहीतरी होतं, खोल विहिरीत वाकून बघितल्यासारखं. आणि तरी जातातच बघायला. परवाही गेल्या होत्या.

मोठा सोरोबान सेन्सेईंच्या खिडकीत आहे. त्यावर त्यांनी स्वतः एकोणीस मणी वर सरकवलेत, आणि फुमिनो-सानना सक्त ताकीद आहे, धूळ झटकायची ती बारीक ब्रशने, एक मणी खाली येता कामा नये. मी गेले तर मलाही बसवलं, मोज म्हणाले. मोजले. "हिच्या आत कोणी नाही," ते कुजबुजले, "विश्वास ठेवायचा, दुसरं काय करणार." आणि माझा हात धरून ठेवला, किती हलका हात आहे त्यांचा आता.

इकडे कधी आलात तर त्यांना भेटा, कोणीही चालतं, पर्सिमन न्या. आणि इतक्या लांब नाही जमणार तर ज्यांनी तुम्हाला पाढे शिकवले ते कुठे असतात एवढं तरी शोधा ना. असतील तर जा. परीक्षा झाल्यावर, दिवाळी झाल्यावर असं नको. या रविवारी जा.